फळा, डस्टर आणि फवारणी

गेल्या आठवड्यात कपाट आवरताना विज्ञानाचं एक जुनं क्रमिक पुस्तक हाती लागलं. पचनाच्या धड्यात समासात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'विकर : व्याख्या पाठ करून घेणे'. खाली दोन रेघा.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला मास्तर. विज्ञानाशी माझा संबंध यायचं कारण नव्हतं. पण आमच्या शाळेत दोन वर्षं विज्ञानाचा शिक्षकच नव्हता आणि मुख्याध्यापकांनी तो विषय माझ्या गळ्यात टाकला. मग मी आदल्या रात्री धडा वाचायचा आणि दुसऱ्या दिवशी मुलांकडून घोकून घ्यायचा. "विकरे ही जैविक उत्प्रेरके आहेत." पन्नास पोरं एका सुरात म्हणायची. उत्प्रेरक म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. विकर म्हणजे काय हे मला नंतर समजलं, १९९३ साली, अकोल्याच्या एका दवाखान्यात, माझ्या धाकट्या भावाच्या खाटेशेजारी.

नातेवाईकांना ही हकीकत अर्धी माहीत आहे. 'बंडूला फवारणीची बाधा झाली होती' एवढीच. उरलेली अर्धी माझी आहे. ती आज लिहितो.

आमचं गाव दर्यापूरकडचं, खारपाण पट्ट्यातलं. विहिरीचं पाणी मचूळ, जमीन काळी, आणि सगळं पऱ्हाटीच्या भरवशावर. मी अमरावतीला नोकरीला, बंडू घरच्या शेतीवर. त्या वर्षी महालक्ष्म्यांना मी सहकुटुंब गावी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी घरात सोळा भाज्यांची नि आंबिलीची गडबड, आणि बंडू मात्र सकाळपासून वावरात. बोंडअळी पडली होती, थांबून चालणार नव्हतं. पाठीवरचा पंप, अंगात बनियन नि चड्डी, पाय उघडे. औषध मोनोक्रोटोफॉस. गावात त्याला नुसतं 'मोनो' म्हणत. बादलीत ओतायचं नि काठी सापडली नाही तर हातानेच ढवळायचं.

दुपारी तीनच्या सुमारास तो परत आला नि ओट्यावरच बसला. पंप गळका होता, पाठीपासून पोटऱ्यांपर्यंत भिजलेला. म्हणाला, "दादा, डोयाले अंधारी येऊन रायली." घामाने निथळत होता, तोंडाला पाणी सुटत होतं, सारखा थुंकत होता. आई म्हणाली, आंघोळीला पाणी काढते. मी म्हटलं, "नको, ऊन लागलंय त्याला. अंगावर पाणी पडलं तर बाधेल." तसाच, त्याच ओल्या कपड्यांत त्याला आडवा केला, वरून घोंगडी टाकली आणि लिंबाचं सरबत पाजलं. घरात मीच शिकलेला. माझ्या शब्दापुढे आई काही बोलली नाही.

ते औषध कातडीतून आत जातं. कपडे काढून साबणाने खळखळून आंघोळ घालणं हा त्यावरचा पहिला इलाज. तो आईला सुचला होता आणि मी तो थांबवला.

रात्री दोन उलट्या झाल्या. सकाळी उठून बसला, चहा प्याला, हसला. मी निश्चिंत झालो. निघताना त्याच्या हातावर पैसे ठेवले नि म्हटलं, "उरलेलं तीन एकर उरकून घे, अळी वाट पाहत नाही." हे वाक्य मी बोललो. बंडूला ते आठवत नाही म्हणतो. मला आठवतं.

पाचव्या दिवशी शाळेत फोन आला. मी परस्पर अकोला गाठलं. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला... तो रस्ता त्या दिवशी संपता संपत नव्हता. पहिल्या फवारणीच्या मानाने त्याने या वेळी निम्मंही काम केलं नव्हतं. चार-पाच पंप मारले असतील. तरी धुऱ्यावर पडला तो उठलाच नाही. तोंडाला फेस, श्वासात घरघर, दंडाच्या कातडीखाली स्नायू थरथरताना दिसत होते. डॉक्टर तरुण होते. त्यांनी बॅटरी मारून मला त्याचे डोळे दाखवले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

मी विचारलं, पहिल्या वेळी जास्त फवारून तो सकाळी उठून बसला आणि या वेळी थोडक्यात असा कसा पडला? डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, विकर शिकवलंय का कधी?" मी मान हलवली. पुढे त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. बंडूची मुलगी नागपूरला बायोकेमिस्ट्री शिकवते. तिने हा मजकूर तपासून दिला आहे, म्हणजे चुकीचं फारसं नसावं.

मज्जातंतू स्नायूला हुकूम देतो तो अॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनामार्फत. समजा, फळ्यावर खडूने लिहिलं, 'आवळा'. स्नायूने वाचलं आणि आवळला. आता फळा पुसला पाहिजे, नाहीतर दुसरा हुकूम लिहायचा कुठे? तो पुसणारा डस्टर म्हणजे अॅसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर. त्याचा एकेक रेणू सेकंदाला पंचवीसेक हजार रेणू पुसून काढतो, इतका तो चपळ. मोनोसारखी सेंद्रिय फॉस्फरसची औषधं या डस्टरला गोंदासारखी चिकटतात. मग फळा पुसला जात नाही, लिहिणं मात्र चालूच. 'आवळा' वर 'आवळा', 'घाम सोड' वर 'घाम सोड'. लाळ, घाम, उलट्या, थरथर हे सगळं त्यातून येतं. छातीत पाणी साठतं, आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात.

अळीच्या अंगातही हाच डस्टर असतो. म्हणून ती मरते. औषधाला अळी कोण नि बंडू कोण हे कळत नाही.

आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर असं होतं की खराब झालेला डस्टर शरीर दुरुस्त करत बसत नाही. त्याला नवा बनवावा लागतो. तांबड्या पेशींमधलं हे विकर नव्या पेशी येतील तसतसं वाढतं, दिवसाला साधारण एक टक्का. तांबडी पेशी जगते १२० दिवस. म्हणजे सकाळी चहा पिऊन हसणारा बंडू बरा झालेला नव्हताच. त्याची शिल्लक तळाला गेली होती आणि जेमतेम चालेल एवढी उरली होती. त्या शिल्लकेवर मी त्याला तीन एकर उरकायला सांगितलं.

इलाज दोन होते. एक अॅट्रोपिन. ते डस्टर सोडवत नाही, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधतं, म्हणजे फळ्यावर काही का लिहिलेलं असेना. छाती कोरडी होईपर्यंत सुईवर सुई. दुसरं पॅम. ते गोंद ओढून काढायचा प्रयत्न करतं, पण गोंद वाळून पक्का व्हायच्या आत मिळालं तर. काही औषधांचा गोंद तासांत वाळतो, काहींचा दिवसांत. त्यामुळे दवाखान्यात कधी पोचलात यावर बरंच अवलंबून.

अॅट्रोपिन चढलं तसा बंडू बडबडू लागला. हवेतल्या माशा पकडायचा, बैलांना हाका मारायचा. डोळ्यांच्या बाहुल्या आता ही एवढाल्या. आई घाबरून म्हणाली, "पोरगं धोतरा खाल्ल्यावानी बोलून रायलं वो!" डॉक्टर चमकून तिच्याकडे पाहतच राहिले. म्हणाले, "आजी, बरोबर ओळखलंत." धोतऱ्यात हेच द्रव्य असतं. महादेवाला वाहतो तो, धुऱ्यावर उगवणारा धोतरा. (हे वाचून कुणी बाधेवर धोतरा पाजायला जाऊ नका. किती मात्रेत मरण आणि किती मात्रेत इलाज हे सुईतच मोजता येतं.)

मला वाटलं, संकट टळलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याला उशीवरून मान उचलायला सांगितली. उचलता आली नाही. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये या अवस्थेचं वर्णन केलं होतं हे मला अलीकडे पुतणीने सांगितलं. लाळ-घाम थांबलेले असतात, माणूस शुद्धीवर असतो, आणि एक ते चार दिवसांच्या दरम्यान मानेचे नि श्वासाचे स्नायू दगा देतात. अॅट्रोपिन इथे उपयोगी नाही, स्नायूंचा फळा त्याच्या ताब्यात नाही. घशात नळी घातली. कृत्रिम श्वासाचं यंत्र मोकळं नव्हतं. रबरी फुगा हातात दिला आणि सांगितलं, दाबत राहा, आपण श्वास घेतो त्या लयीत. आमचा सालदार आणि मी आळीपाळीने दाबत होतो. बाहेर अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीचे ढोल. बंडूचे डोळे उघडे, माझ्याकडेच. बोलता येत नव्हतं. मी मोजत होतो आणि मोजता मोजता त्या ओट्यावरचा दिवस पुन्हा पुन्हा आठवत होतो.

सकाळी व्हरांड्यात कुणाच्या तरी रेडिओवर बातमी आली, किल्लारीला भूकंप झाला, गावंच्या गावं गाडली गेली. तारीख ३० सप्टेंबर. सगळे रेडिओभोवती जमले. मी जागचा उठलो नाही, फुगा दाबत होतो.

बंडू वाचला. सतरा दिवसांनी घरी आला. आज तो सत्तरीला टेकला आहे आणि हे वाचून "कायले लिवलं बापा" असं म्हणणार आहे. असो.

नंतर मी या विषयाचं मिळेल ते वाचत गेलो. मास्तरकीची खोड. गेरहार्ड श्राडर नावाचा जर्मन रसायनतज्ज्ञ १९३६ साली कीटकनाशक शोधत होता आणि हाती आला टाबुन हा युद्धातला विषारी वायू. प्रयोगशाळेतच त्याची बाधा त्याला आणि त्याच्या मदतनिसाला झाली. बाहुल्या आकसल्या, दिसेनासं झालं, श्वास कोंडला. बंडूचीच लक्षणं. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सोडलेला सरीन याच कुळातला. आपण पऱ्हाटीवर मारतो ती त्याची सौम्य भावंडं. आणि १६ जुलै २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत दुपारचं जेवण जेवून २३ मुलं गेली. खाण्याच्या तेलात मोनोक्रोटोफॉस होतं. ती बातमी वाचल्यावर मी दोन दिवस कुणाशी बोललो नव्हतो.

जंतांचं प्रकरण तर त्याहून अजब. पुतणी सांगते, आपल्या आतड्यातला गोल जंत पचून कसा जात नाही? तर आपलं प्रथिनं पचवणारं ट्रिप्सिन हे विकर अडवणारं द्रव्य तो स्वतः बनवतो. म्हणजे आपल्या पोटात बसून आपलंच विकर बंद पाडतो! काही कृमी तर अॅसिटिलकोलिनेस्टरेज स्वतः बनवून आतड्यात सोडतात. स्वतःचा डस्टर बाहेर काढून यजमानाचा फळा पुसतात, बहुधा आतड्याने त्यांना ढकलून बाहेर टाकू नये म्हणून. आणि कळस म्हणजे मेट्रिफोनेट हे मोनोच्याच कुळातलं रसायन एके काळी आफ्रिकेत लघवीतून रक्त जाणाऱ्या कृमिरोगावर औषध म्हणून देत असत. एकच रसायन, कुठे विष, कुठे औषध.

हे केवळ गंमत म्हणून सांगत नाही. कोलिनेस्टरेज दोन ठिकाणी मोजतात, तांबड्या पेशींत आणि रक्तरसात. रक्तरसातलं यकृत बनवतं. कावीळ झालेली असेल, शरीर कुपोषित असेल, जुनाट आजार असेल तर ते आधीच कमी असतं. म्हणजे अर्धपोटी मजुराच्या रक्तातला आकडा पंप पाठीवर घेण्याआधीच उतरलेला असू शकतो, आणि नुसता तो आकडा पाहून औषधाने किती खाल्लं नि उपासमारीने किती, हे सांगता येत नाही.

मग आलं २०१७. त्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यांत भरती झाले. आमच्या अमरावती-अकोल्याकडेही रुग्ण होते. पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढलेली, गुलाबी बोंडअळीची धास्ती, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, आणि तुषार थेट तोंडावर. त्यातली सगळी औषधं मोनोच्या कुळातली नव्हती, म्हणून इलाजही एकसारखा चालत नव्हता. सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली चौकशी पथक नेमलं, पश्चिम विदर्भात पाच औषधांच्या विक्रीवर दोन महिन्यांची बंदी घातली. कोलिनेस्टरेजची तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी होत नाही हा मुद्दा तेव्हा कुठे चर्चेत आला. मोनोक्रोटोफॉसवर भाज्यांसाठी २००५ पासून बंदी होती. २०२३ च्या सप्टेंबरात केंद्राने पऱ्हाटीवरचं नेहमीचं ३६ टक्क्यांचं मोनोही बंद करायचा आदेश काढला, साठा संपवायला वर्षाची मुदत देऊन. बंडू पडला त्याला तेव्हा तीस वर्षं झाली होती. त्याच कुळातली इतर औषधं कृषी केंद्रात आजही मिळतात.

माझी तक्रार औषधांबद्दल नाही. अळी पडल्यावर काय होतं हे मी पाहिलं आहे, उपदेश करायला मी मोकळा नाही. तक्रार आहे ती मोजण्याबद्दल. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९७४ पासून ही औषधं हाताळणाऱ्या मजुरांची तपासणी सक्तीची केली. हंगामाआधी एकदा रक्त घेतात. तो त्या माणसाचा मूळ आकडा. नंतर हंगामात पुन्हा. मुळापेक्षा २० टक्के उतरला की काम कसं चाललंय ते पाहायचं. तांबड्या पेशींतला ३० टक्के किंवा रक्तरसातला ४० टक्के उतरला की त्या माणसाला त्या कामावरून हटवायचं. मूळ आकडा लागतो कारण निरोगी माणसांतही हे विकर कमी-जास्त असतं. प्रयोगशाळेची छापील मर्यादा इतकी रुंद की एखाद्याचं बरंचसं विकर गेलं तरी कागदावर तो 'नॉर्मल'.

हे मी ऐकीव सांगत नाही. २०१८ च्या जूनमध्ये पुतण्याला हट्टाने अमरावतीला बोलावून त्याचं रक्त तपासून घेतलं. सप्टेंबरात पुन्हा. आकडा बराच खाली आला होता, पण मर्यादेच्या आत. पुतण्या म्हणाला, "काका, कागदावर तं नॉर्मल हाये!" मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले नि त्याला वजाबाकी करायला लावली. त्याने केली. पंप ठेवून दिला.

तेव्हापासून तो स्वतः फवारत नाही. मला समाधान वाटलं होतं, दोन-तीन हंगाम टिकलंही. मग एकदा वावरात गेलो असताना दिसलं की फवारणी एक मजूर करतोय, पंपामागे ठरलेल्या दराने. आमचं झालं की शेजारच्याकडे, मग त्याच्या पलीकडच्याकडे. पुतण्या हंगामात जेवढं फवारायचा तेवढं हा आठवड्यात फवारतो. तोंडाला दुपट्टा बांधलेला, तो औषधाने ओला. म्हणजे मी पुन्हा तेच केलं होतं, फक्त माणूस बदलला होता.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याला म्हटलं, चल अमरावतीला, रक्त तपासून घेऊ. त्याने पंप खाली ठेवला नि विचारलं, "गुरुजी, रोज बुडते तं रोजाचे पैसे कोन देते?" मी देतो म्हटलं. एस.टी.ने गेलो. लॅबमध्ये विचारलं, कधी कावीळ झाली होती का? म्हणाला, लहानपणी झाली असंल. आकडा आला तो मर्यादेच्या खालच्या टोकाला. पण तो जुलैपासून फवारत होता. मूळ आकडा किती होता हे कुणालाच माहीत नाही, म्हणून त्या कागदावरून काहीच सांगता येत नव्हतं. परतीच्या गाडीत त्याने तो कागद चार घड्या करून खिशात ठेवला आणि विचारलं, "मंग पास का नापास?"

जूनमध्ये पुन्हा जायचं ठरलं आहे, पहिला पंप उचलायच्या आत. आंघोळीचा साबण नि बदलायचे कपडे मी वावरातल्या खोलीत ठेवून आलो आहे.